बीपीचा पेशंट, गांधीलमाशी आणि हातात घेऊन परत ठेवलेलं अॅड्रेनॅलिन

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही जालना जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहात. ५८ वर्षांचे एक शेतकरी मोटार चालू करायला विहिरीवर गेले, स्टार्टरची पेटी उघडली आणि आत पोळं केलेल्या गांधीलमाश्या मानेला न् हाताला डसल्या. पंधरा मिनिटांत ते तुमच्याकडे पोचले. अंगभर गांधी, ओठ सुजलेले, दोन उलट्या, आवाज घोगरा, डोळ्यांपुढं अंधारी, बीपी ८०/५०. तुम्ही अॅड्रेनॅलिनच्या इंजेक्शनची काचेची कुपी, अँप्युल, हातात घेतलं. तेवढ्यात त्यांची बायको म्हणाली, ‘ह्यांना बीपीच्या गोळ्या चालू हायेत.’ तुम्ही अँप्युल परत ठेवलं, एव्हिल (अॅलर्जीचं नेहमीचं औषध) आणि डेक्सा (स्टेरॉइड) दिलं, सलाईन लावलं, १०८ बोलावली. पुढं मोठ्या दवाखान्यात अॅड्रेनॅलिन मिळालं आणि ते वाचले. आता एक वरिष्ठ म्हणतात ‘बरं झालं दिलं नाहीस, हार्ट अटॅक आला असता’, दुसरे म्हणतात ‘पहिल्या मिनिटाला द्यायला हवं होतं’. तुम्ही विचारलंय: कोण बरोबर? बीपीच्या माणसाला देता येतं का? किती, कुठं, आणि परत कधी?

दुसरे बरोबर. अॅड्रेनॅलिन पहिल्या मिनिटाला द्यायला हवं होतं, आणि बीपीच्या गोळ्या हे ते न देण्याचं कारण नव्हतं. पण तुम्ही माणूस आडवा ठेवला, सलाईन लावलं, गाडी बोलावली, हेही खरं आहे. तुमच्या पत्रातून मला दिसतं ते असं की तीव्र अॅलर्जीचं हे निदान तुमच्या लक्षात आलं होतं. हात थांबला तो भीतीनं. म्हणून डोसाच्या आधी त्या भीतीबद्दल लिहिते, कारण गेल्या सत्तावीस वर्षांत, आधी ग्रामीण रुग्णालयात आणि आता तालुक्याच्या छोट्या आयसीयूत, मी हीच भीती सगळ्यात जास्त पाहिली आहे. एमबीबीएस झालेल्यांतही.

ही भीती येते कुठून? आपण अॅड्रेनॅलिन पहिल्यांदा पाहतो ते मरणाच्या दारात, हृदय थांबल्यावर, शिरेतून, १ मिलिग्रॅम. त्यामुळं डोक्यात बसतं की हे शेवटचं औषध. अॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे साऱ्या शरीरावर पसरलेल्या तीव्र अॅलर्जीत, ते पहिलं औषध आहे. वाट वेगळी, डोस वेगळा. मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम दिलं की धडधड होते, हात थरथरतात, चेहरा पांढरा पडतो, माणूस घाबरतो. दहा-वीस मिनिटांत ते ओसरतं. अॅड्रेनॅलिननं झालेल्या ज्या गंभीर इजा नोंदल्या गेल्यात, त्यांतल्या बहुतेक शिरेतून भरकन दिल्यानं किंवा डोस चुकल्यानं झाल्यात.

आता ‘हार्ट अटॅक आला असता’ या वाक्याकडे बघा. त्या काकांचं बीपी ८०/५० होतं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांत त्या वेळी रक्तच कमी पोचत होतं. शिवाय अॅलर्जीची रसायनं सोडणाऱ्या पेशी, मास्ट सेल, हृदयाच्या नळ्यांच्या आसपासही असतात. अॅनाफिलॅक्सिसमध्ये अॅड्रेनॅलिन न देताही अटॅक येऊ शकतो; त्या प्रकाराला कूनिस सिंड्रोम असं नावच आहे. म्हणजे हृदयाला धोका होता, पण तो अॅलर्जीकडून. म्हाताऱ्या माणसात, हृदयविकार असलेल्यात मीही जास्त सावध असते, मॉनिटर लावते, डोस नीट मोजते. पण मांडीतलं अॅड्रेनॅलिन टाळावं असा एकही आजार अॅनाफिलॅक्सिसमध्ये नाही.

एव्हिल का पुरत नाही? अॅलर्जीत मास्ट सेल फुटतात तेव्हा हिस्टामिनबरोबर इतर बरीच रसायनं सुटतात. एव्हिल फक्त हिस्टामिनला अडवतं, तेही हळूहळू. खाज थांबते, गांधी बसतात. सुजलेला घसा आणि उतरलेलं बीपी त्यानं सुधारत नाही, आणि शिरेतून घाईनं दिलं तर बीपी आणखी उतरू शकतं. डेक्सा किंवा हायड्रोकॉर्टिसोनचं काम सुरू व्हायलाच काही तास लागतात. अॅड्रेनॅलिन मात्र एकाच वेळी रक्तवाहिन्या आवळून बीपी वर आणतं, घशाची सूज उतरवतं, हृदयाला जोर देतं, श्वासनळ्या मोकळ्या करतं आणि मास्ट सेलमधून पुढचा माल सुटणं कमी करतं. हे सगळं करणारं दुसरं औषध आपल्या कपाटात नाही.

आपल्याकडं ‘अंगावर पित्त उठलं’ हा शब्दही घात करतो. पित्त उठलं की घरात गेरू लावतात, आमसुलाचं पाणी पाजतात, घोंगडी पांघरून बसवतात. नुसत्या गांधी असतील तर त्यात फार बिघडत नाही, तुम्हीही एव्हिलची गोळी देऊन थांबू शकता. पण गांधींच्या सोबत घसा, श्वास, बीपी यांतलं काहीही आलं, किंवा उलट्या आणि पोटात पिळवटून दुखायला लागलं, की ते पित्त राहिलं नाही. उलटही होतं. दहातल्या एखाद-दुसऱ्या पेशंटला अंगावर काहीच उठत नाही. इंजेक्शननंतर किंवा डंखानंतर दहा मिनिटांत माणूस सरळ कोसळतो, आणि आपण गांधी शोधत बसतो.

वेळेबद्दल एक आकडा सांगते. अॅनाफिलॅक्सिसनं दगावलेल्यांच्या ब्रिटनमधल्या नोंदींचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. श्वास किंवा हृदय बंद पडायला लागलेला मधला वेळ खाण्याच्या अॅलर्जीत ३० मिनिटं होता, डंखात १५, आणि दवाखान्यात दिलेल्या औषधांत अवघी ५. तुमच्या उपकेंद्रापासून मोठा दवाखाना तुम्ही चाळीस मिनिटांवर सांगितलाय. म्हणून ‘पुढं पाठवू, तिथं देतील’ हा हिशेब इथं जमत नाही.

आता माझी एक गोष्ट, आणि ती चांगली नाही. नोकरीचं दुसरं वर्ष होतं, परभणीकडचं एक गाव. संध्याकाळी तीन माणसं एका मोटारसायकलवर आली, मधला धरून आणलेला. तुरीच्या रानात बांधावरच्या झाडाचं आग्या मोहोळ उठलं होतं. मधे बसवलेला तरुण मला स्वतः म्हणाला, ‘म्याडम, घसा आवळल्यावानी व्हायलाय, अन् संडासला जावं वाटायलंय.’ मी त्याला दंडात, कातडीखाली अॅड्रेनॅलिन दिलं. तेव्हा आम्हाला तसंच शिकवलं होतं. तो म्हणाला जरा बरं वाटतंय. उठून संडासाकडं निघाला, मी अडवलं नाही. सहा-सात पावलांवर खाली पडला. नंतर जे जे केलं त्याचा उपयोग झाला नाही.

त्या संध्याकाळच्या दोन चुका मला पुढं वाचून कळल्या. पहिली, जागा. १९९८ साली कॅनडात अॅलर्जीच्या मुलांवर मोजमाप झालं. मांडीच्या स्नायूत दिलेलं अॅड्रेनॅलिन रक्तात सर्वांत जास्त पातळीला सरासरी ८ मिनिटांत पोचलं, कातडीखाली दिलेलं ३४ मिनिटांत. दंडापेक्षा मांडी चांगली हेही नंतर मोठ्या माणसांत दिसलं. दुसरी चूक, मी त्याला उभं राहू दिलं. बीपी उतरलेल्या माणसाचं रक्त पायांत आणि पोटात साचलेलं असतं. उभं केलं की हृदयाकडं परत जाणारं रक्त तुटतं आणि रिकामं हृदय धडधडत राहतं. संडासला लागणं हे त्या आजाराचंच लक्षण असतं, म्हणूनच माणूस नेमका त्याच वेळी उठतो. आता मी पेशंटच्या खांद्यावर हात ठेवूनच बोलते. बेडपॅन द्या, चादर खराब होऊ द्या, पण उठवू नका. दम लागला असेल, उताणं झोपवत नसेल, तर पाय लांब ठेवून टेकून बसवा. उलट्या होत असतील तर कुशीवर. गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. आणि मोटारसायकलवर मधे बसवून आणणं आपल्या भागात इतकं नेहमीचं आहे की याबद्दल आशाताईंना वेगळं सांगा: गाडी मिळेपर्यंत माणूस जमिनीवर आडवा, पाय पोत्यावर उंच.

किती द्यायचं ते आता. तुमच्याकडं आहे ते १ मिलिलिटरचं तपकिरी अँप्युल, त्यात १ मिलिग्रॅम. जुन्या लेबलांवर १:१००० लिहिलेलं असतं, ते हेच. वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०१ मिलिलिटर. मोठ्या माणसाला ०.५ मिलिलिटर, अर्धं अँप्युल. १५ किलोच्या पोराला ०.१५, ३० किलोच्या मुलाला ०.३. मोठ्या माणसातही एका वेळी अर्ध्याच्या वर नाही.

सिरिंजवर जरा थांबते, कारण चुका इथं होतात. १ मिलिलिटरची ट्युबरक्युलिन सिरिंज आणि २३ नंबरची एक इंचाची सुई मला सगळ्यात सोयीची वाटते. काही किटमध्ये इन्शुलिनची सिरिंज ठेवतात. तिच्यावर मिलिलिटर नसतात, युनिट असतात. लाल टोपीची ४० युनिटची असेल तर अर्धा मिलिलिटर म्हणजे २० युनिट, नारिंगी टोपीची १०० युनिटची असेल तर ५० युनिट. घाईत नारिंगी सिरिंजमध्ये २० युनिट भरले तर पेशंटला निम्म्याहून कमी जातं. शिवाय चिकटलेली बारीक सुई मोठ्या माणसाच्या मांडीत स्नायूपर्यंत पोचत नाही, औषध चरबीत राहतं. किट उघडून आजच बघा कोणती आहे. आणि अँप्युलवरचं नाव मोठ्यानं वाचा. अॅट्रोपिन, नॉरअॅड्रेनॅलिन ही अँप्युलं दिसायला सारखी असू शकतात, शेजारी ठेवू नका.

जागा म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूचा मधला भाग, गुडघा आणि खुबा यांच्या मध्यावर. सुई काटकोनात. पातळ विजार असेल आणि वेळ नसेल तर कापडातून दिलं तरी चालतं. नऊवारीच्या घड्यांतून मात्र नको, लुगडं बाजूला सारा, दोन सेकंद लागतात. शिरेतून तुम्ही देऊ नका. ज्याची नाडी लागतेय त्याला शिरेतून देणं हे मॉनिटर लावून, रोज ते काम करणाऱ्या डॉक्टरचं काम आहे.

दिलं की घड्याळ बघा. पाच मिनिटांत फरक नसेल किंवा बिघडत असेल तर दुसरा डोस, तेवढाच, दुसऱ्या मांडीत. दरम्यान ऑक्सिजन असेल तर लावा, सलाईन जोरात सोडा. मोठ्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात एक लिटर लागूही शकतं. छातीत सूं सूं असेल तर सालब्युटामॉलची वाफ वरून द्या, पण अॅड्रेनॅलिनच्या ऐवजी नाही. एव्हिल आणि डेक्सा यांना माझा विरोध नाही, ते सगळ्यात शेवटी, हात मोकळा झाला की.

तुमच्या काकांच्या गोळ्यांत मेटोप्रोलॉल आहे असं तुम्ही लिहिलंय. हे महत्त्वाचं आहे, पण वेगळ्या अर्थानं. अशा बीटा ब्लॉकर, म्हणजे अॅड्रेनॅलिनचं काही काम अडवणाऱ्या, गोळ्या चालू असतील तर अॅड्रेनॅलिनचा परिणाम कमी होऊ शकतो, रिअॅक्शन लांबू शकते. अशा पेशंटला दुसरा डोस लागेल ही तयारी ठेवायची आणि पुढच्या डॉक्टरला फोनवरच सांगायचं, म्हणजे ते ग्लुकॅगॉन या दुसऱ्या औषधाची सोय बघतील.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. पहिली तुमच्या अधिकाराची. लसीनंतर रिअॅक्शन आली तर किटमधल्या अॅड्रेनॅलिनचा एक डोस एएनएमनं (उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेनं) द्यावा अशा केंद्राच्या सूचना आहेत. डंखाच्या किंवा औषधाच्या रिअॅक्शनसाठी तुम्ही काय करायचं, दुसरा डोस फोनवर विचारून द्यायचा का, हे तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या आणि भिंतीवर लावा. तो कागद असता तर त्या दिवशी तुमचा हात थांबला नसता असं मला वाटतं. दुसरी, निदानाची. लस टोचल्यावर लगेच पोर पांढरं पडून खाली बसलं, नाडी मंद, अंगावर काही नाही, आडवं केलं की दोन मिनिटांत बोलायला लागलं, तर ती भोवळ. अॅनाफिलॅक्सिसमध्ये नाडी बहुधा पळते आणि नुसतं झोपवून माणूस सावरत नाही. खरंच कळत नसेल तर मी देण्याच्या बाजूनं झुकते.

विंचवाचं मात्र वेगळं, आणि आपल्या भागात हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. विंचवाच्या विषानं शरीर स्वतःच अॅड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा लोंढा सोडतं. घाम, गार पडलेले हातपाय, वाढलेलं बीपी, नंतर फुफ्फुसात पाणी. तिथं अॅड्रेनॅलिन म्हणजे आगीत तेल. त्यावर प्राझोसिन हे औषध, ते काम महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी उभं केलं, जे मूळचे तुमच्याच जालना जिल्ह्यातले. म्हणून ‘काहीतरी चावलं’ म्हणून आलेल्या माणसाला रात्रीच्या अंधारात आधी हात लावून बघा: गार घामेजलेला आणि बीपी चढलेला, की गांधी, सूज आणि बीपी उतरलेला.

सर्पदंशाची लस, म्हणजे सापाच्या विषावरचं प्रतिविष, एएसव्ही, देतानाही हीच रिअॅक्शन येते आणि तिथंही उपाय हाच. लस थांबवा, मांडीत अॅड्रेनॅलिन, सावरल्यावर लस हळू पुन्हा सुरू. श्रीलंकेत हजारावर सर्पदंशाच्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०११ साली आला. एएसव्हीच्या आधी कातडीखाली थोडं अॅड्रेनॅलिन दिल्यानं पहिल्या तासातल्या गंभीर रिअॅक्शन ४३ टक्क्यांनी घटल्या. हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथाझिन यांनी फरक पडला नाही. आधीपासून देतात तो छोटा डोस कातडीखाली, रिअॅक्शन आल्यावरचा डोस स्नायूत. या दोन्हींची गल्लत मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. एएसव्हीची कातडीवरची टेस्ट मात्र करू नका, तिनं काही कळत नाही आणि वेळ जातो.

बरं वाटलं म्हणून घरी सोडू नका. काही तासांनी, पुन्हा डंख नसताना, रिअॅक्शन उलटू शकते. ज्याचं बीपी उतरलं होतं त्याला मी रात्रभर ठेवतेच. पाठवताना पेशंटच्या हातावर चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनानं लिहा: अॅड्रेनॅलिन ०.५, मांडी, वेळ. चिठ्ठ्या खिशात राहतात, पट्टी सगळ्यांना दिसते.

साठवणीचं थोडं. अॅड्रेनॅलिनला ऊन आणि उजेड सोसत नाही. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा स्कूटीच्या डिक्कीत किट ठेवलं तर औषध बिघडणारच. खोक्यातून बाहेर काढून ट्रेमध्ये उघडं मांडू नका, गोठवूही नका. पाणी गुलाबी किंवा तपकिरी दिसलं, गाळ दिसला, तर टाकून द्या. दर महिन्याच्या एक तारखेला किटची एक्सपायरी बघायची सवय लावा, आणि एका वेळी किमान तीन अँप्युलं हवीतच.

या आठवड्यात एक करा. दोन्ही एएनएमना बसवा, सिरिंजमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरून अर्धा मिलिलिटर मोजायला लावा, पाच-पाच वेळा, मोबाईलवर वेळ लावून. आमच्याकडं पहिल्यांदा केलं तेव्हा अँप्युल फोडण्यापासून सुई टोचण्यापर्यंत अनुभवी सिस्टरलाही दोन मिनिटं लागली होती. चौथ्या वेळी चाळीस सेकंद.

आणि त्या काकांना परत बोलवा. पुढच्या डंखाला पुन्हा असंच होण्याची शक्यता त्यांच्यात चांगलीच आहे. त्यांचं मेटोप्रोलॉल बदलता येईल का, हे ज्यांनी लिहून दिलं त्या डॉक्टरांना विचारा, काकांनी स्वतः बंद करू नये. परदेशात मिळणारं तयार पेनसारखं अॅड्रेनॅलिन आपल्या मेडिकलवर सहज मिळत नाही. घरात अँप्युल आणि सिरिंज ठेवून मुलाला शिकवायचं का, हे मुलगा किती धीराचा आहे आणि घर दवाखान्यापासून किती लांब आहे त्यावर ठरेल. मी काही घरांत शिकवलंय, काहींत नाही. तोवर स्टार्टरची पेटी दुसऱ्या कुणीतरी, दिवस मावळल्यावर, मेन बंद करून साफ करावी आणि तिच्या भोकांना बारीक जाळी बसवावी. काकांनी त्या कामाला स्वतः जाऊ नये.